सही बरोबर आहे, मग अपडेट रिजेक्ट काहून होते?

समजा हिंगणा एमआयडीसीत एक छोटी कंपनी आहे, ठिबकचे कंट्रोलर बनवते. काटोल, नरखेड, कळमेश्वर साईडच्या संत्र्याच्या बागांत यांचे डबे खांबाला लागलेले, आत एक मायक्रोकंट्रोलर (एका चिपचा छोटा कॉम्प्युटर), एक सिमकार्डवाला मोडेम, चार रिले, आणि रात्री कधी लाईन आली की मोटर सुरू करून व्हॉल्व फिरवत बसायचं एवढंच काम. नवीन फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या चिपमधला प्रोग्राम, निघालं, साईन करून सर्व्हरवर चढवलं, आणि सकाळी सर्व्हिसवाल्याचा फोन, "भाऊ, एकही डबा अपडेट घेऊन नाही राहिला, सगळे सिग्नेचर फेल दाखवून राहिले." ऑफिसातला पोरगा तीच फाईल, एक बाइट न बदलता, परत साईन करतो आणि चढवतो. आता सगळे डबे चुपचाप अपडेट घेतात. मग काय, सर्व्हरचं काहीतरी झालं असेल म्हणून विषय बंद, सगळे तर्री पोहे खायला खाली.

सर्व्हरचं काहीच झालेलं नसतं. कंपनी मी बनवलेली आहे पण हा बग खराखुरा आहे, आणि तो समजून घेतला की फर्मवेअरच्या सहीचा अर्धा विषय समजतो.

आधी सही म्हणजे काय ते पटकन. महाभूमीच्या साईटवरून डिजिटल सहीचा सातबारा काढता ना, त्याच्यामागचं आणि याच्यामागचं गणित एकाच घराण्यातलं. फर्मवेअरची अख्खी फाईल एसएचए-२५६ नावाच्या चाळणीतून काढायची, मग फाईल कितीही मोठी असो, ३२ बाइटचा एक हॅश निघतो. फाईलमध्ये एक बिट जरी हललं तरी हॅश पूर्ण बदलतो. त्या हॅशवर कंपनीची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, वापरून सही करायची. ही की ऑफिसातून बाहेर जात नाही, निदान जायला नको. डब्यात फक्त पब्लिक की असते, जिच्यानं सही तपासता येते पण करता येत नाही. डबा स्वतः हॅश काढतो, सही ताडून पाहतो, जुळलं तं नवीन फर्मवेअर चालवतो, नाही तं जुनंच. फरक एवढाच की सातबारा तपासायला तुमच्याकडे अख्खा कॉम्प्युटर आहे आणि डबा हे सगळं रात्री दोन वाजता ६४ केबी रॅममध्ये एकटा करतो, विचारायला कोणी नाही.

आता रिलायबल म्हटलं की बहुतेक जण एकच बाजू बघतात, खोटं फर्मवेअर आत घुसायला नको. दुसरी बाजू कोणी बघत नाही, खरं फर्मवेअर बाहेर राहायला नको. माझं स्पष्ट मत आहे की फील्डमध्ये घात ही दुसरी बाजूच करते, कारण चांगलं अपडेट दोन-तीनदा विनाकारण रिजेक्ट झालं, नरखेडपर्यंत गाडी घेऊन जावं लागलं, की कोणीतरी वैतागून कोडमध्ये एक स्विच टाकतो, तपासणी वगळा. टेस्टिंगपुरता म्हणून टाकलेला हा स्विच मग प्रॉडक्शनमध्ये जातो आणि तिथंच राहतो. म्हणजे चोराला दार उघडून देणारं गणितातलं भोक नव्हतंच, रोजच्या कटकटीला कंटाळलेला आपलाच माणूस होता.

चला, आता त्या सकाळच्या प्रकाराकडे. छोट्या डब्यांत जास्त करून ईसीडीएसए पी-२५६ ही सहीची पद्धत वापरतात. याची सही म्हणजे दोन मोठे आकडे, आर आणि एस, प्रत्येकी ३२ बाइट, एकूण ६४. पण ऑफिसातल्या लॅपटॉपवर ओपनएसएसएल नावाचं साईन करायचं टूल या दोन आकड्यांना डीईआर नावाच्या पाकिटात घालून देतं आणि त्या पाकिटाची लांबी ठरलेली नसते. नियम असा की आकड्याचं सगळ्यात वरचं बिट १ असेल तर पुढे एक शून्य बाइट लावायचा, नाहीतर तो आकडा निगेटिव्ह वाचला जाईल, आणि सुरवातीला फालतू शून्यं असतील तर ती काढून टाकायची. म्हणून आर कधी ३३ बाइटचा येतो, कधी ३२ चा, आणि क्वचित ३१ किंवा त्याहून कमी. पूर्ण पाकीट बहुतेक वेळा ७०, ७१ नाहीतर ७२ बाइटचं.

डब्यातला कोड लिहिणाऱ्यानं पाच-सहा सह्या काढून पाहिल्या, त्याला ३२ आणि ३३ दिसले, त्यानं लिहून टाकलं की ३३ असेल तर पहिला बाइट फेका, नाहीतर पुढचे ३२ जसेच्या तसे उचला. ३१ आला की हा कोड एक बाइट जास्त उचलतो, तो बाइट असतो पुढच्या फील्डचा, आणि आर वाकडा. अशी सही येण्याची शक्यता एका आकड्यासाठी साधारण ५१२ मध्ये एक, दोन आकडे आहेत म्हणून २५६ सह्यांमागं एक. महिन्याला एक रिलीज काढणाऱ्याला हे वर्षानुवर्षं दिसणारही नाही, आणि दिसेल त्या दिवशी तो सर्व्हरला शिव्या देईल. पण ज्यांच्याकडे प्रत्येक डब्याच्या नंबरासकट वेगळी सही होते त्यांना हजार डब्यांत चारेक डबे असे भेटणारच, दर वेळी वेगळे. परत साईन केल्यावर चाललं त्याचं कारणही हेच, या पद्धतीत सही करताना दर वेळी एक नवीन रँडम आकडा लागतो म्हणून त्याच फाईलची दुसरी सही वेगळी निघते. (आरएफसी ६९७९ या तांत्रिक दस्तऐवजातली पद्धत वापरली, २०१३ पासून आहे, तर तो आकडा फाईल आणि कीवरूनच निघतो, मग कितीही वेळा साईन करा, तीच सही आणि तेच फेल. माझ्या मते ते बरंच आहे, निदान बग पळून जात नाही.)

या रँडम आकड्याची अजून एक गंमत आहे, गंमत म्हणजे दुसऱ्याची. सोनीनं प्लेस्टेशन ३ च्या सह्यांमध्ये तो दर वेळी एकच ठेवला होता, आणि डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकर कॉन्फरन्समध्ये काही पोरांनी दाखवून दिलं की अशा दोन सह्या हातात आल्या की प्रायव्हेट की साध्या बीजगणितानं निघते.

उपाय सोपा आहे. पाकीट फोडायचं काम डब्याला देऊच नका. ऑफिसातल्या बिल्ड स्क्रिप्टमध्येच डीईआर सोडवा, आर आणि एस डाव्या बाजूनं शून्यं भरून बरोब्बर ३२-३२ करा, डब्याला सरळ ६४ बाइट द्या, आणि डब्यानं ६४ सोडून दुसरी लांबी घ्यायचीच नाही. नवीन प्रॉडक्ट असेल तर ईडी२५५१९ ही सहीची पद्धत घ्या, त्यात सही कायम ६४ बाइट आणि पब्लिक की ३२, पाकिटाची भानगडच नाही. आणि चिपमध्ये हार्डवेअर क्रिप्टो असेल तर तिला बाइट कोणत्या क्रमानं पाहिजे ते डेटाशीट नीट वाचा, तिथंही उलटसुलट होतं.

इथं एक खूण सांगून ठेवतो, तपासाची सुरवात यानंच करा. सगळ्या डब्यांना एकच सही जात असेल आणि एका रिलीजला सगळेच डबे फेल होत असतील तर गडबड सहीच्या बाजूला आहे, सही, किल्ली, पॅकिंग, नाहीतर ती वाचणारा सगळ्या डब्यांत सारखाच असलेला कोड. दहातले दोन फेल आणि आठ पास, तर गडबड त्या-त्या डब्यात आहे, फ्लॅश (लाईन गेली तरी टिकणारी साठवण), पॉवर, मेमरी. हे पक्कं करायला डब्यानं नुसतं "सिग्नेचर फेल" सांगून भागत नाही. फेल झाल्यावर त्यानं स्वतः काढलेला हॅश, निदान पहिले आठ बाइट, सर्व्हरला पाठवावे. सर्व्हरकडचा हॅश आणि हा वेगळा निघाला तर डेटाच खराब पोहोचला किंवा खराब वाचला गेला. हॅश सेम आहे आणि तरी सही फेल, तर की नाहीतर एन्कोडिंग. हॅश काही गुपित नसतो, पाठवायला घाबरू नका. माझ्या लेखी ही एक ओळ लिहिणं महागड्या लॉजिक अ‍ॅनालायझरपेक्षा जास्त कामाचं आहे, पण लॉगमध्ये बाइट वाचवायच्या नादात लोक नेमकी तीच कापतात.

आता दहातले दोन फेल का होतात. यात माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे उरलेल्या जागेचा. फ्लॅश पुसली की सगळीकडे एफएफ होतं, म्हणजे सगळी बिटं १. नवीन फर्मवेअर समजा १९० केबी, स्लॉट, म्हणजे त्याच्यासाठी राखलेली जागा, २५६ केबीचा, आणि कोणीतरी हॅश अख्ख्या स्लॉटचा काढायचं ठरवलं, ऑफिसातलं टूल उरलेल्या जागेत एफएफ धरून हॅश काढतं. टेबलावरच्या कोऱ्या बोर्डवर एकदम पास. बागेतल्या डब्यात मात्र आधी २१० केबीचं फर्मवेअर बसलेलं होतं, अपडेट कोडनं वेळ वाचवायला लागतील तेवढेच सेक्टर पुसले, म्हणजे शेपटीला जुन्या फर्मवेअरचा २० केबी तुकडा तसाच राहिला. हॅश चुकला. ज्या डब्यात मागचं व्हर्जन छोटं होतं तो पास. आता सांगा, ऑफिसात बसून हे कसं सापडेल? हॅश फक्त इमेजच्या लांबीएवढाच काढायचा, आणि ती लांबी हेडरमध्ये, म्हणजे फाईलच्या सुरवातीच्या माहितीच्या तुकड्यात, लिहून हेडरसकट सही करायची.

पण ही लांबी सही तपासायच्या आधीच वापरावी लागते, म्हणजे ती तोपर्यंत कोणाचीही असू शकते. कोणी तिथं चार अब्ज लिहून पाठवलं तर तुमचा हॅशचा लूप मेमरीच्या पार पलीकडे वाचत जाईल. म्हणून आधी लांबी स्लॉटमध्ये बसते का बघा, मगच पुढे. आणि सहीच्या आत फर्मवेअरबरोबर व्हर्जन आणि डब्याचा प्रकार पण घ्या. एकाच कीनं कंट्रोलरचं आणि गेटवे नावाच्या दुसऱ्या यंत्राचं फर्मवेअर साईन करत असाल आणि प्रकार आत नसेल तर गेटवेचं फर्मवेअर कंट्रोलरमध्ये खुशाल पास होईल, सही खरीच आहे ना!

पॉवरचं तर विदर्भात सांगायलाच नको, शेतीच्या फीडरला लाईन पाळीनं येते आणि मधात केव्हाही जाते. जुनं फर्मवेअर जिथं आहे तिथंच नवीन लिहायचा प्रकार असेल तर अर्ध्यात लाईन गेली की डबा गेला. दोन स्लॉट ठेवा, नवीन दुसऱ्यात लिहा, पूर्ण झालं याची खूण अगदी शेवटी लिहा. एमसीयूबूट नावाचा ओपन सोर्स बूटलोडर (डबा सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम) हेच करतो, नवीन इमेज आधी कच्ची धरतो, ती चालून तिनं स्वतः "मी ठीक आहे" असं लिहिलं नाही तर पुढच्या रिसेटला जुन्यावर परत जातो. स्वतःचा बूटलोडर लिहायची हौस असेल तर जरा आवरा, हे आयतं तपासलेलं घ्या.

लाईन पूर्ण जाण्यापेक्षा वाईट म्हणजे अर्धी जाणं. व्होल्टेज खाली आलेलं असताना फ्लॅशमध्ये लिहिलं तर बिट नीट बसत नाही, धड ० नाही धड १ नाही. असं बिट सकाळी एक वाचतं आणि दुपारी दुसरंच. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, त्यात उन्हातला बंद डबा आतून केवढा तापत असेल, इंडस्ट्रियल ग्रेडचा पार्ट ८५ डिग्रीपर्यंत चालतो ही एकच काय ती सोय. अशा डब्यात रात्री पास झालेली सही दुपारच्या रिसेटला फेल होते आणि सर्व्हिसवाला तिथं पोहोचेपर्यंत संध्याकाळ होऊन परत पास. ब्राउन-आउट डिटेक्टर, म्हणजे व्होल्टेज खाली गेलं की चिप रिसेट करणारा भाग, चालू ठेवा, तो बहुतेक चिपमध्ये असतो आणि बऱ्याच बोर्डांवर तो बंद ठेवलेला असतो. फ्लॅश लिहायच्या आधी व्होल्टेज मोजा. सही फेल झाली तर दोनदा परत तपासायला हरकत नाही, पण दुसऱ्या वेळी पास झाली तर खूश होऊन पुढे जाऊ नका, तो स्लॉट मरायला टेकलाय असं समजून नोंद करा आणि इमेज नव्यानं मागवा. आणि दोन म्हणजे दोनच, पास होईस्तोवर तपासत राहणारा लूप म्हणजे चोराला हवी तेवढी संधी.

वॉचडॉग आणि स्टॅकचं थोडक्यात सांगतो. वॉचडॉग म्हणजे ठरलेल्या वेळात थोपटलं नाही तर डबा रिसेट करणारा टायमर, आणि स्टॅक म्हणजे प्रोग्रामला चालता चालता लागणारी रॅम. छोट्या कॉर्टेक्स-एम० प्रोसेसरवर पी-२५६ ची तपासणी सॉफ्टवेअरमध्ये करायला एखादा सेकंद सहज लागू शकतो, त्यात बाहेरच्या फ्लॅशवरून हॅश काढायचा वेळ वेगळा. वॉचडॉग त्याच्या आत भुंकला की डबा रिसेट, परत तपासणी, परत रिसेट, आणि बाहेरून दिसतं की सही फेल होऊन राहिली. हॅशच्या प्रत्येक तुकड्यानंतर वॉचडॉगला थोपटा, टायमर इंटरप्टमध्ये नको, तिथून थोपटलं तर खरंच लटकलेला डबा पण जिवंत दिसतो. मोठ्या आकड्यांच्या गणिताला स्टॅक काही केबी लागतो, बूटलोडरला लोक एक केबी देऊन मोकळे होतात. स्टॅकमध्ये आधी एक ठरलेला पॅटर्न भरून ठेवा आणि तपासणीनंतर कुठपर्यंत पुसला गेला ते बघा, अंदाज करत बसू नका.

आता पहिली बाजू, खोटं आत घुसतं ते. याचं सगळ्यात भारी उदाहरण निन्टेंडोचा वी, २००६ चा गेमिंग कन्सोल. आरएसए सही (जी तपासताना तिचा मोठा घात काढतात), एसएचए-१ हॅश, सगळं व्यवस्थित. शेवटी दोन हॅश जुळतात का हे बघायला त्यांनी वापरलं स्ट्रिंग कम्पेअर करणारं फंक्शन, जे शून्य बाइट आला की स्ट्रिंग संपली असं समजून थांबतं. हॅश म्हणजे काही स्ट्रिंग नाही, त्याच्यात शून्य कुठंही येऊ शकतं. मग हल्लेखोरांनी सहीच्या जागी नुसती शून्यं भरली, शून्याचा कितीही घात करा, शून्यच, आणि सहीचं पॅडिंग (हॅशभोवतीची ठरलेली भरती) तो कोड तपासतच नव्हता. राहिला आपल्या फाईलचा हॅश, त्याचा फक्त पहिला बाइट शून्य पाहिजे, तर फाईलमधले बिनकामाचे बाइट बदलत बसायचं, सरासरी २५६ प्रयत्नांत जमतं. पहिल्याच बाइटला दोन्हीकडे शून्य, फंक्शन म्हणतं सेम आहे. म्हणून हॅश जुळवायला मेमकम्प (शून्यावर न थांबता बाइट जुळवणारं फंक्शन) नाहीतर पूर्ण ३२ बाइट बघणारा स्वतःचा लूप, आणि कोड रिव्ह्यूत स्ट्रिंगवालं फंक्शन दिसलं की तिथंच थांबवा.

असाच प्रकार जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत, १५ ते १८ व्हर्जनमध्ये होता, आणि तो एप्रिल २०२२ मध्ये दुरुस्त झाला. ईसीडीएसए तपासताना आर आणि एस शून्य नाहीत ना, हे बघायचंच राहून गेलं होतं, म्हणजे कोरी सही पास. आधी सी++ मधला कोड होता, तो जावात परत लिहिताना ती एक तपासणी सुटली. जावा काही ठिबकच्या डब्यात नसतो, पण जुना कोड नवीन चिपवर नेताना नेमकं असंच सुटतं.

तिसरं म्हणजे ग्लिच. तपासणीचा सगळा निकाल शेवटी एका इफमध्ये येऊन बसतो, शून्य तर पास, नाहीतर फेल. नेमक्या त्या क्षणी सप्लायला अगदी काही नॅनोसेकंदांचा झटका दिला तर प्रोसेसर ती एक इन्स्ट्रक्शन चुकवू शकतो आणि फेलच्या जागी पास होतं. यासाठी आता महागडी लॅब लागत नाही. शिवाय आपल्या डब्याच्या शेजारी मोटरचा कॉन्टॅक्टर बसलेला, तो पडला की सप्लायवर काय काय येतं हे कोणाही इलेक्ट्रिशियनला विचारा. त्यानं फर्मवेअर हॅक होणार नाही, बहुतेक वेळा डबा रिसेटच होईल, पण चुकीच्या वेळी चुकीचं बिट हलायला चोरच पाहिजे असं नाही. म्हणून निकालाचं व्हेरिएबल सुरवातीपासून फेल ठेवा, पाससाठी ० किंवा १ नको, ३२ बिटचा असा आकडा घ्या की एक-दोन बिट हलून चुकून तो बनणार नाही, आणि तपासणी दोनदा करा, मधात थोडा रँडम वेळ टाकून. कंपायलरला वाटतं दुसरी तपासणी फालतू आहे आणि तो ती उडवून टाकतो, त्यामुळे डिसअसेंब्ली (कंपायलरनं बनवलेल्या इन्स्ट्रक्शनची यादी) उघडून दोन्ही आहेत का ते डोळ्यांनी बघा. एमसीयूबूटमध्ये याचा तयार पर्याय आहे, चालू करायचा फक्त.

बाहेरच्या, वेगळ्या चिपवरच्या एसपीआय फ्लॅशमध्ये इमेज असेल तर एक गोष्ट विसरू नका, तपासताना एकदा वाचली आणि चालवताना परत तिथूनच वाचली तर मधल्या वेळात चिप बदललेली असू शकते. आधी आतल्या मेमरीत आणा, तिथं तपासा, तिथूनच चालवा.

आणि कोणी जुनं व्हर्जनच परत चढवलं तर! त्याची सही खरीच आहे, पण त्यात भोक होतं म्हणून तं नवीन काढलं. म्हणून डब्यात व्हर्जनचा एक फक्त पुढेच जाणारा काउंटर पाहिजे. तो वाढवायचा कधी, इथं लोक फसतात. नवीन इमेज चढल्याबरोबर वाढवला आणि ती इमेज नीट चाललीच नाही तर जुन्यावर जायचा रस्ताही बंद, डबा वीट. नवीन इमेजनं मी ठीक आहे म्हटल्यावरच वाढवा.

टेस्टिंगला गूगलनं २०१६ मध्ये बाहेर काढलेला वायचप्रूफ नावाचा टेस्ट संच फुकट मिळतो, त्यात अशा वाकड्या सह्या भरपूर आहेत, आर शून्य, एस मर्यादेबाहेर, लांबी चुकलेली. तो आधी चालवा. मग एक टेस्टपुरती की घेऊन लॅपटॉपवर रात्रभर हजारो सह्या काढा आणि सगळ्या डब्याच्या कोडमधून पास करून घ्या, तो ३१ बाइटवाला प्रकार सकाळपर्यंत नक्की सापडतो. एका चांगल्या इमेजचं एकेक बिट उलटं करून बघा, एकही पास व्हायला नको. एक रिले लावून अपडेटच्या मधात केव्हाही सप्लाय तोडत राहा. आणि बोर्डांचा एक संच कूलर नसलेल्या खोलीत मेभर चालू ठेवा, ही सोय बंगलोरवाल्यांना नाही.

बूटलोडर मात्र एकदा डबा खांबावर गेला की सहसा बदलता येत नाही, म्हणून दोन जागा आजच सोडून ठेवा. एक, दुसऱ्या पब्लिक कीसाठी, पहिली कधी फुटली तर. दोन, हेडरमध्ये मोठ्या सहीसाठी. क्वांटम कॉम्प्युटरला टिकेल अशी एमएल-डीएसए ही पद्धत अमेरिकेच्या एनआयएसटीनं ऑगस्ट २०२४ मध्ये स्टँडर्ड केली, तिची सगळ्यात छोटी सही २४२० बाइटची आणि पब्लिक की १३१२ बाइटची आहे. ६४ बाइटचीच जागा ठेवलेल्या हेडरमध्ये ती काही बसत नाही, आणि ठिबकचा कंट्रोलर दहा वर्षं चालावा अशीच शेतकऱ्याची अपेक्षा असते.